मेंदूला चढणारा गंज

सुरतेत उधना जंक्शनच्या आसपास नवागाम-डिंडोलीचा परिसर आहे. खानदेशातून, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून, पोटापाण्यासाठी आलेल्या कुटुंबांची येथे मोठी वस्ती आहे. कोणी यंत्रमागावर उभा राहिला, कोणी रंगाईच्या गिरणीत लागला, कोणी साड्यांच्या बाजारात गाठोडी वाहिली. तरुणपणी तापीकाठच्या आगगाडीने येऊन ज्यांनी येथे दहा बाय दहाची खोली धरली, ती पिढी आता सत्तरीला टेकली आहे. या पिढीच्या घरांत अलीकडे एक दृश्य वरचेवर दिसू लागले आहे. दिवेलागणीची वेळ होते. आजी उठते, पदर सावरते, कापडी पिशवी काखेला लावते आणि नातवाला म्हणते, "चल ना रे, घरी चल. गाय यायची वेळ झाली." सून समजावते, "आई, हेच आपलं घर. चाळीस वर्षं झाली इथं." आजी तिच्या तोंडाकडे परक्यासारखी पाहते. तिला जायचे असते अमळनेरजवळच्या तिच्या गावी, जेथे आता ना गाय आहे, ना गोठा.

शेजारीपाजारी म्हणतात, म्हातारचळ लागला. कोणी 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण ऐकवतो. कोणी याहून वाईट बोलतो. म्हातारी सोंग करते, सुनेला छळते, असे म्हणतो. यांतले काहीही खरे नाही. आजीच्या मेंदूत काही पदार्थांचा ऱ्हास झालेला असतो, आणि हा ऱ्हास रसायनशास्त्रज्ञाला परीक्षानळीत दाखवता येतो, मोजता येतो. तो कसा घडतो आणि त्यावर उपाय का सापडत नाही, याची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

तिचा आरंभ प्राणवायूपासून करावा लागतो. मनुष्याच्या मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के असते. परंतु शरीर जो प्राणवायू वापरते, त्याचा सुमारे 20 टक्के भाग हा एकटा मेंदू खातो. हा प्राणवायू पेशींतील तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म भट्ट्यांत वापरला जातो आणि त्यातून मेंदूला शक्ती मिळते. भट्टी म्हटली की ठिणग्या आल्याच. प्राणवायूचा काही अंश नीट जळत नाही. तो अर्धवट अवस्थेत बाहेर निसटतो आणि ज्याला शिवेल त्याला बिघडवतो. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. या पेरॉक्साइडची लोहाशी गाठ पडली म्हणजे काय होते, याचा माग हेन्री फेंटन या इंग्रज रसायनज्ञाने 1894 साली काढला होता. त्या संयोगातून निघणारा कण इतका उतावळा असतो की जवळ जे असेल त्यावर तो तत्क्षणी झडप घालतो. मेंदूत लोह आहे. आणि कंपवाताच्या विकारात मेंदूचा जो काळसर भाग प्रथम ढासळतो, त्यात तर ते विशेष आहे.

याशिवाय मेंदू हा मोठा स्निग्ध अवयव आहे. खानदेशातल्या गृहिणीला हे सांगण्यास रसायनशास्त्र नको. डब्याचे झाकण उघडे राहिले तर शेंगदाणे खवट होतात. शेंगदाण्यातील तेलावर हवेतील प्राणवायूचा परिणाम होतो, तो हा खवटपणा. मेंदूतील स्निग्ध पदार्थांवर जवळजवळ हीच क्रिया घडते आणि तिच्यातून जे तिखट अवशेष उरतात, ते शेजारच्या प्रथिनांना जाऊन चिकटतात.

शरीर याविरुद्ध निःशस्त्र नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी 1969 साली एक विकर, म्हणजे बोलीतले एन्झाइम, ओळखून काढले. अर्धवट जळालेला प्राणवायू निरुपद्रवी करण्याकडे नेणे हेच त्याचे काम. असे इतरही रखवालदार पेशीत असतात. रखवालदार आणि ठिणग्या यांचा तोल ठिणग्यांच्या बाजूने ढळला, म्हणजे त्या स्थितीला ऑक्सिडीभवनाचा ताण म्हणतात. वार्धक्य म्हणजे या ठिणग्यांनी साचत गेलेली जखम होय, असा सिद्धान्त डेन्हॅम हार्मन यांनी 1956 मध्येच मांडला होता. तो संपूर्ण खरा ठरला नाही, पण त्याने पुष्कळांना कामाला लावले.

आता प्रथिनांकडे वळावे. प्रथिन म्हणजे केवळ डाळीतले पोषक द्रव्य, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः पेशीतील जवळजवळ प्रत्येक काम करणारा मजूर हा कोणते ना कोणते प्रथिनच असतो. अमिनो आम्लांची लांब माळ एका ठरावीक रीतीने घडी पडून बसते, आणि ती घडी हेच तिचे कसब असते. मागावर काम केलेल्यास हे चटकन पटेल. सूत तेच, वजन तेच. पण वीण बिघडली की कापड टाकाऊ. प्राणवायूची ठिणगी प्रथिनाला लागली म्हणजे त्याच्या एखाद्या मण्यावर कार्बोनिल नावाचा गट उमटतो, घडी विसकटते आणि मजूर निकामी होतो.

हा डाग ओळखण्याची युक्ती फार साधी आहे. डायनायट्रोफेनिल हायड्रेझिन हे लांबलचक नावाचे द्रव्य कार्बोनिल गटाशी जुळले की पिवळा-नारिंगी रंग देते. बारावीच्या प्रयोगशाळेत अल्डिहाइड आणि कीटोन ओळखण्यासाठी विद्यार्थी जो प्रयोग करतात तो हाच. पोरे तो गुणांसाठी घोकतात. त्याच क्रियेने वृद्धाच्या मेंदूतील जळालेली प्रथिने मोजता येतात, हे त्यांना कोणी सांगत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

या संशोधनाचा उगम मेंदूत झाला नाही, जंतूंत झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत अर्ल स्टॅटमन आणि रॉडनी लेव्हाइन हे जंतूंमधील एका विकराचा अभ्यास करीत होते. त्याचे नाव ग्लुटामाइन सिंथेटेज. पेशी एखादे जुने विकर मोडीत काढते तेव्हा ते नेमके कशावरून ओळखते, हा त्यांच्यापुढील प्रश्न. 1981 साली त्यांनी दाखवले की विकर आधी ऑक्सिडीभूत होते, निकामी होते, आणि मगच त्याचे तुकडे केले जातात. म्हणजे तो डाग हीच मोडीची खूण. पुढे याच मंडळींना असे वाटू लागले की म्हातारपणी डागी माल वाढत असेल आणि मोडीचे खाते थकत असेल, तर काय होईल?

1991 साली याचे उत्तर मिळाले. स्टॅटमन यांच्यासह काही शास्त्रज्ञांनी मरणोत्तर मिळालेले मानवी मेंदू तपासले. निरोगी माणसांतही वयपरत्वे जळालेल्या प्रथिनांचे प्रमाण वाढलेले आढळले. आणि अल्झायमरच्या रोग्यांत, मेंदूच्या ज्या भागाला रोगाने ग्रासले होते तेथे, विकरांचे काम विशेष मंदावलेले दिसले. त्यांत तेच जुने ग्लुटामाइन सिंथेटेज होते. जंतूंपासून निघालेला धागा असा माणसाच्या विस्मरणापर्यंत येऊन पोहोचला.

पुढला प्रश्न अधिक बारीक होता. सगळीच प्रथिने सारखी जळतात, की काही निवडक? केंटकी विद्यापीठातील ॲलन बटरफील्ड यांच्या प्रयोगशाळेने 2002 साली अल्झायमरच्या मेंदूतील प्रथिने एकेक करून वेगळी काढली आणि कोणती अधिक डागळली आहेत ते पाहिले. तीन नावे ठळकपणे पुढे आली. एक क्रिएटिन कायनेज, जे पेशीला लागेल तेव्हा शक्ती पुरवते. दुसरे आपले परिचित ग्लुटामाइन सिंथेटेज. चेतातंतूंनी सोडलेले ग्लुटामेट हे द्रव्य साचून राहिले तर विषासारखे बाधते, त्याची विल्हेवाट लावण्यात याचा हात असतो. तिसरे यूसीएच-एलवन या नावाचे प्रथिन मोडीच्या खात्यातलेच आहे. एखाद्या गावात एकाच रात्री वीजघर, गटार आणि कचरागाडी ही तिन्ही बंद पडावीत, तशी ही अवस्था. गावाची स्थिती काय होईल, ते शहरात राहणाऱ्यास सांगावयास नको.

हे मोडीचे खाते म्हणजे काय, ते थोडे पाहणे अगत्याचे आहे. पेशी टाकाऊ प्रथिनावर युबिक्विटिन नावाची चिठ्ठी लावते आणि चिठ्ठी लागलेला माल एका पिंपासारख्या यंत्रात घालून त्याचे तुकडे करते. या शोधाबद्दल चिचानोवर, हर्श्को आणि रोज यांना 2004 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. थोडे डागळलेले प्रथिन हे यंत्र सहज गिळते. परंतु फार जळालेली प्रथिने एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होतो. तो यंत्रात शिरत नाही आणि उलट त्याच्या तोंडात अडकून बसतो. कातडीची पेशी असती तर ती झडून गेली असती. मेंदूच्या बहुतेक चेतापेशी मात्र जन्मभर त्याच असतात. त्यांना सत्तर-ऐंशी वर्षे त्याच घरात त्याच कचऱ्यासह संसार करावा लागतो. वृद्धांच्या चेतापेशींत तपकिरी रंगाचे जे कण दिसतात, ते अशाच न पचलेल्या अवशेषांचे असतात.

आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्याने 1906 साली एका पन्नाशीतल्या रुग्ण स्त्रीच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली ज्या गाठी आणि जे गुंते पाहिले, तेही प्रथिनांचेच. गाठी अमिलॉइडच्या, गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे. येथे शास्त्रज्ञांत मोठा वाद आहे. ठिणग्यांमुळे गाठी होतात, की गाठींमुळे ठिणग्या उडतात? दोन्ही बाजूंना पुरावा आहे. गाठी जमण्यापूर्वीच ऑक्सिडीभवनाची इजा सर्वांत अधिक असते, असे 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. उलट अमिलॉइड स्वतःच धातूंच्या सान्निध्यात पेरॉक्साइड निर्माण करते, असेही प्रयोगांनी दाखवले आहे. धूर आधी की आग आधी, हे जळून गेलेले घर पाहून ठरवणे कठीण असते. आणि मेंदूच्या बाबतीत घर बहुधा जळून गेल्यावरच हाती येते.

काही रोगांत बिघाड जन्मजातच असतो. सुरतेत 1925 साली जन्मलेले आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात कीर्ती मिळवलेले मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी 1971 मध्ये अशाच एका आनुवंशिक व्याधीचे वर्णन केले. तिच्यात चालताना तोल जातो आणि डोळ्यांची हालचाल विलक्षण मंद होते. त्या रोगात प्रथिनाची माळच चुकीची ओवलेली असते, हे पंचवीस वर्षांनी कळले. अल्झायमरच्या बहुसंख्य वृद्धांचे तसे नसते. त्यांची माळ नीट ओवलेली असते. वापरता वापरता ती बिघडते.

कंपवाताची कथा याहून थोडी निराळी आहे आणि ती आपल्या किनाऱ्याशी निगडित आहे. मुंबईतील पारशी वसाहतींत घरोघर जाऊन केलेली एक पाहणी 1988 साली प्रसिद्ध झाली. त्या समाजात दर लाखास सुमारे 328 माणसे कंपवाताने पीडित आढळली. आकडा मोठा दिसण्याचे एक कारण उघड आहे: पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण अधिक. इतर समाजही आता त्याच वाटेने जात आहेत. या रोगात डोपामाइन हे द्रव्य करणाऱ्या पेशी मरतात. हे डोपामाइन स्वतःच सहज ऑक्सिडीभूत होणारे, त्यात त्या भागातले लोह. आणि रखवालदारांपैकी ग्लुटाथायोन हा तेथे कमी झालेला. आपल्या रानात उगवणाऱ्या खाजकुइलीच्या बियांतून दामोदरन आणि रामस्वामी या दोन भारतीय रसायनज्ञांनी 1937 साली लेव्होडोपा वेगळे काढले होते. हेच द्रव्य पुढे कंपवाताचे प्रमुख औषध ठरले. परंतु ते उणीव भरून काढते, जळणे थांबवीत नाही. आणि ऐकीव माहितीवर खाजकुइलीचे चूर्ण परस्पर घेणे धोक्याचे आहे, कारण त्यात औषधाची मात्रा किती हे घेणाऱ्यास ठाऊक नसते.

येथपर्यंत ऐकून कोणालाही वाटेल की ठिणग्या विझवणारी गोळी दिली म्हणजे काम झाले. शास्त्रज्ञांनाही तसेच वाटले होते. ई जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांना खवट होऊ देत नाही. मग ते भरपूर द्यावे. कंपवाताच्या रोग्यांवर अमेरिकेत केलेल्या मोठ्या चाचणीचा निकाल 1993 मध्ये आला: लाभ नाही. अल्झायमरच्या मध्यम अवस्थेतील रोग्यांवर 1997 साली थोडा लाभ दिसला. पुन्हा 2005 साली, ज्यांची स्मृती नुकतीच उणावू लागली होती अशा 769 जणांवरील चाचणीत रोग थोपवला गेला नाही. 2014 साली 613 निवृत्त सैनिकांत दैनंदिन व्यवहारांचा ऱ्हास काहीसा मंदावला, स्मृती मात्र सुधारली नाही. हळदीतील कर्क्युमिन उंदरांत गुणकारी वाटले. माणसांवरील 2008 आणि 2012 च्या छोट्या चाचण्यांत त्याने अल्झायमरच्या रोग्यांना फायदा झाला नाही. सांगलीची हळद आमटीत अवश्य घालावी, परंतु चारशे रुपयांची बाटली विकणाऱ्याने मेंदूचे नाव घेतले तर त्याच्याकडे साशंक दृष्टीने पाहावे. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने रक्तस्राव होण्याचाही संभव असतो. रक्त पातळ करणारे औषध चालू असणाऱ्याने तर ते डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

अपयशाची कारणे अनेक आहेत. औषध उशिरा सुरू होते. मेंदूत पुरेसे पोहोचत नाही. आणि ठिणग्या सर्वस्वी शत्रूही नव्हेत. जंतूंना मारण्यासाठी आणि पेशींमध्ये निरोप पोचवण्यासाठी शरीर त्यांचा उपयोग करते. सगळ्याच विझवल्या तर चूलही विझेल. आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सर्वांत विचार करायला लावणारी आहे. डेव्हिड स्नोडन या संशोधकाने 1986 मध्ये अमेरिकेत नोत्र दाम पंथाच्या जोगिणींचा अभ्यास आरंभला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या 678 भगिनी त्यात सामील झाल्या, त्यांतल्या पुष्कळ जणी निवृत्त शिक्षिका. दर वर्षी स्मृतीची परीक्षा देण्याचे आणि मृत्यूनंतर आपला मेंदू अभ्यासासाठी देण्याचे त्यांनी कबूल केले. त्यांतील एक भगिनी 101 व्या वर्षी वारली, शेवटपर्यंत तल्लख. तिचा मेंदू उघडला तेव्हा त्यात अल्झायमरच्या गाठी आणि गुंते मुबलक होते. म्हणजे इजा आणि आजार या दोन गोष्टी एक नव्हेत. काही मेंदूंपाशी इतकी शिल्लक असते की ते पुष्कळ हानी सोसूनही काम रेटून नेतात.

त्या भगिनींनी मेंदू दिले नसते तर हे कळलेच नसते. भारतातही बंगळूरच्या निमहान्स संस्थेत 1995 पासून मानवी मेंदूंची पेढी आहे. नेत्रदानाचे फलक आपल्याकडे गावोगाव दिसतात. मेंदूदानाचा उच्चारही क्वचित ऐकू येतो. वास्तविक आपल्या लोकांचे अन्न वेगळे, हवा वेगळी, मधुमेहाचे प्रमाण अधिक. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढील भारतीयांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोक, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. इतक्या लोकांच्या मेंदूत काय घडते, ते केंटकीतील नमुन्यांवरून किती दिवस ताडायचे?

शिल्लक कशाने राहते, याचा विचार 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने केला. त्याच्या 2024 च्या अहवालात चौदा कारणे दिली आहेत. ती सर्व टाळता आली तर स्मृतिभ्रंशाचे सुमारे 45 टक्के रोगी टळतील किंवा त्यांचा रोग पुढे जाईल, असा त्याचा हिशोब आहे. शालेय शिक्षणाचा अभाव, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपणा, दूषित हवा ही त्यांत आहेतच. पण नवागामच्या माणसाने थबकून वाचावे असे एक कारण म्हणजे बहिरेपण. यंत्रमागाच्या खोलीत शेजाऱ्याशी बोलायचे तर कानाशी ओरडावे लागते. वीस-पंचवीस वर्षे त्या खडखडाटात काढलेला माणूस मंद ऐकू लागला तर घरचे त्यावर हसतात. कानात बोळा घालणे, कान तपासणे आणि लागल्यास श्रवणयंत्र लावणे, या गोष्टींचा संबंध मेंदूशी आहे, हे कारखान्याच्या मालकालाही समजले पाहिजे.

आणि आजीचे काय? प्रथम, तिला अल्झायमरच झाला आहे असे घरबसल्या ठरवू नये. बी-बारा जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा बिघाड, औदासीन्य, झोपेच्या गोळ्या, यांनीही विस्मरण होते, आणि ही बरी होणारी कारणे आहेत. आपल्याकडच्या शाकाहारी वृद्धांत बी-बाराची उणीव बरीच आढळते. नव्या सिव्हिल रुग्णालयात किंवा स्मीमेरमध्ये नेऊन रक्त तपासून घ्यावे. पिशवी घेऊन ती रस्त्यावर जाईपर्यंत थांबू नये.

तपासणीअंती रोग अल्झायमरचाच निघाला, तर तिची गावाची ओढ कोठून येते तेही समजते. नवी आठवण साठवणारा मेंदूचा आतला भाग या रोगात सर्वांत आधी ढासळतो. बालपणी आणि तरुणपणी पक्क्या झालेल्या आठवणी पुष्कळ दिवस टिकतात. म्हणून नवागामची चाळीस वर्षे पुसली जातात आणि अमळनेरकडचा गोठा उरतो. अशा वेळी 'हेच आपलं घर' म्हणून वाद घालण्यात अर्थ नसतो; तिच्या दृष्टीने ती बरोबरच असते. या रोगाची शुश्रूषा जाणणारे सांगतात की तिला गावाकडच्या गोष्टी विचाराव्यात. गायीचे नाव काय, दूध किती द्यायची, विहीर कोणीकडे होती. ती बोलू लागते, बोलता बोलता पिशवी खाली ठेवते, आणि तोवर सुनेने चहा आणलेला असतो.